आक्का मेली नव्हती, सर

सर, ज्याच्याकडे रस्त्यात कुणी वळूनही बघणार नाही असा माणूस गोष्टीत नायक कशामुळे होतो? मागच्या आठवड्यात इथे धुळ्याच्या कॉलेजात एका मुलीने मला हे भर वर्गात विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. पेपरला लावलेल्या कादंबरीत एक भित्रा कारकून आहे. तो पानोपानी खोटं बोलतो, बायकोवर डाफरतो, साहेबापुढे वाकतो. ही मुलगी खेड्यातून रोज बसने येते, मागच्या बाकावर बसते, सहसा तोंड उघडत नाही. ती उभी राहून म्हणाली की मॅडम, हा माणूस आमच्या गल्लीत असता तर त्याला कुणी ओट्यावर बसूसुद्धा दिलं नसतं, मग पुस्तकभर आम्ही त्याच्या मागे का फिरायचं? वर्ग हसला. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि तुमचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. मोठ्या माणसाला नायक करायला त्याची एक चूक पुरते, लहान माणसाला नायक करायचं तर त्याचं दुःख लागतं. जळगावला तुमच्या वर्गात आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. परीक्षेत त्याच्यावर गुण मिळत. मी ते गिळलं, आणि उद्या सांगते म्हणून त्या मुलीला खाली बसवलं.

उत्तर मागायला मी हे लिहीत नाही. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि असतात तरी मी विचारलं नसतं. मला तुमचा राग आहे. मेलेल्या माणसावर रागावणं फार गैरसोयीचं असतं, सर. समोरून काहीच येत नाही, आणि आपलंच बोलणं आपल्याला मोठ्याने ऐकू येत राहतं. शिवाय तुमच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. तुम्ही मुलांना घरची पुस्तकं वाचायला द्यायचात, गरीब मुलांना नावाने ओळखायचात, कधी कुणावर हात उगारला नाहीत. मलाही तुम्ही पुस्तकं दिलीत, ती मी वाचली, आणि त्यातूनच आज माझं पोट चालतं. हे सगळं मला मान्य आहे. पण कॉलेजात पाहुणे आले की तुम्ही मला बोलावून घ्यायचात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचात, ही आमची असोद्याची मुलगी, बौद्धवाड्यातून येते, घरात शिकणारी पहिलीच. पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी काय वाचते, मला काय आवडतं, हे कुणी विचारायचं नाही. मी तेव्हा हसत उभी राहायचे. घरात पहिलीच शिकणाऱ्या मुलीला लवकर कळतं की अशा वेळी हसायचं असतं.

आक्का तुम्हाला मी दिली. माझ्या वडिलांची मोठी बहीण, माझी आत्या. तिला धुळ्याकडे दिली होती, आणि नवऱ्याला सोडून ती कायमची असोद्याला परत आली तेव्हा मी पाळण्यात होते. येताना तिने फक्त दोन गोष्टी आणल्या, एक शेळी आणि धुळ्याकडची बोली. आमच्या घरी, वाड्यात कुणी तसं बोलत नाही. माहेरी इतकी वर्षं राहूनही तिने बोली सोडली नाही. आई म्हणायची, सासर सोडलं आणि सासरची जीभ ठेवली, उलटंच आहे बाईचं. नवऱ्याला का सोडलंस म्हणून कुणी विचारलं तर ती एकच सांगायची, की तो बोलत नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, दुसरी बाई नव्हती. जेवायला बसला की ताटात बघायचा, उठला की दाराबाहेर बघायचा. बस्स. इतक्याशा कारणासाठी कुणी नवरा सोडतं का, असं वाड्यातल्या बायका म्हणत, आणि आक्का त्यांना सांगे की तुमचा बोलतो तो काय बोलतो तेही मी भिंतीपलीकडून ऐकते.

ती चांगली बाई नव्हती, सर. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. ती भांडायची. नळावर, केळीच्या बागेत कामाला गेली तर मुकादमाशी, घरी आईशी, आणि कुणी नसलं तर शेळीशी. लहान मुलांचा खाऊ ती लपवून स्वतः खायची. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा घरात सर्वात जास्त विरोध तिचा होता. शिकून ही आपल्यालाच शहाणपण शिकवील, असं ती वडिलांना म्हणाली, आणि त्यात फारसं खोटं निघालं नाही.

आणि तरी माझं कॉलेज चालू राहिलं ते तिच्यामुळे. वाड्याच्या वळणावर सकाळच्या गाडीला विनंती थांबा होता. म्हणजे हात केला तर गाडी थांबायची. पण त्या वर्षी आलेला कंडक्टर आमच्या वळणावर गाडी थांबवेना. मी आणि वाड्यातल्या आणखी दोन मुली हात करून उभ्या राहायचो आणि गाडी आमच्या तोंडावर धूळ उडवून पुढे जायची. गावातल्या स्टँडवर चालत जाईपर्यंत ती निघून गेलेली असायची. माझे पहिले तास बुडायला लागले. वडील दोनदा विनवणी करून आले, काही झालं नाही. मग एक दिवस आक्का शेळीला चारायला वळणावर आली होती आणि गाडी कशी कोण जाणे हळू झाली, तर कंडक्टरने खिडकीतून मान काढून तिला विचारलं, म्हातारे, तू पण कॉलेजला निघाली का? गाडीतले लोक हसले. आक्का तेव्हा पन्नाशीचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळणावर पोचले तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध बसलेली आहे. शेजारी शेळी. गाडी येते, भोंगा वाजवते, थांबते. कंडक्टर खाली उतरतो, ओरडतो, उठ म्हणतो. ती उठत नाही. पदराने शेळीचे कान पुसते. मग शांतपणे विचारते, "म्हतारी कोनले म्हणस रे तू?" तो गाडीकडे बघतो, लोकांकडे बघतो. ती जागची न हलता म्हणते, "ली जाय आते गाडी." तेवढ्यात आम्ही तिघी मागच्या दाराने चढून बसलो. हे तिने एकदा केलं असं नाही. ती रोज बसली. पावसात पोतं पांघरून बसली. शेवटी गाडी आपणहून वळणावर थांबायला लागली, तरी ती काही दिवस बसतच होती, कारण कंडक्टरने म्हातारी हा शब्द अजून मागे घेतला नव्हता. आम्हाला गाडी मिळाली याचं तिला काहीच नव्हतं. मी एकदा संध्याकाळी तिच्याजवळ बसून म्हणाले की आक्का, तुझ्यामुळे आम्ही शिकतोय. ती म्हणाली, तुम्ही शिका नाही तर खड्ड्यात जा, मला त्याचं तोंड बंद करायचं होतं.

हीच गोष्ट मी लिहिली. गाडी असं तिचं साधं नाव ठेवलं. तुमच्या खोलीत आणून दिली, तुम्ही ती माझ्यासमोरच वाचलीत, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मला ती दुपार नीट आठवते. खिडकीबाहेर मुलं सायकली लावत होती. तुम्ही म्हणालात, "बाळ, ही बाई तू आम्हाला का भेटवतेस? हिच्याबद्दल मला काही वाटत नाही. हसू येतं, एवढंच." मी म्हणाले, सर, तिच्यामुळे गाडी थांबली. तुम्ही म्हणालात, गाडी थांबली ती रागाने, क्षुद्र रागाने, अशाने माणूस मोठा होत नाही. तिच्या पोटात शिक्षणाची तळमळ हवी. स्वतःला जे मिळालं नाही ते पोरींना मिळावं म्हणून ती रस्त्यावर बसली, असं पाहिजे. मी म्हणाले, पण तसं नव्हतं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. "तुमच्या लोकांच्या आयुष्यात इतकं दुःख आहे, आणि तू त्यातून नेमकी भांडकुदळ बाई उचलून आणतेस?"

तुमच्या लोकांच्या. मी घरी जाताना गाडीत तो शब्द मनात फिरवत बसले. तुम्ही वाईट हेतूने बोलला नव्हतात, हे मला माहीत होतं, म्हणून त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. जाताना तुम्ही म्हणाला होतात की गोष्ट राहू दे माझ्याजवळ, वार्षिक अंकात घालू, थोडी दुरुस्ती मी करतो. मला वाटलं, ऱ्हस्व दीर्घ बघतील.

अंक आला तो दिवस घरी सणासारखा होता. घरातल्या कुणाचं नाव छापून आलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. वडिलांनी शेजारच्या दोघातिघांना बोलावलं. आईने चहा टाकला. आक्का उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली, तोंड वाकडं करून, पण बसली. मी गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. नाव बघूनच थबकायला हवं होतं. वर छापलं होतं, बिचारी. आणि खाली कंसात, एक आठवण. मला वाटलं, नाव बदललं असेल, आत तर माझंच आहे. मी वाचत गेले. दुसऱ्या परिच्छेदात आक्काचा नवरा दारू प्यायला लागला. पुढे त्याने तिला काठीने मारलं. शेजारी माझ्या वडिलांकडे बघायला लागले. मला थांबता येईना. सगळे ऐकत होते आणि माझं नाव वर छापलेलं होतं. रस्त्यावर आक्का बसली ती डोळ्यांत पाणी आणून, कंडक्टरला हात जोडून, माझ्या लेकींना शिकू द्या म्हणत. तिची बोलीही गेली होती, ती पुण्याच्या रेडिओसारखी बोलत होती. आणि शेवटच्या पानावर ती क्षयाने खोकत, पोरींची गाडी वळणावरून जाताना ऐकत ऐकत मेली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आक्का माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसलेली, पानाचा तोबरा भरलेली, धडधाकट, आणि मी तिच्या मरणावर रडत होते. इतकं चांगलं लिहिलं होतं तुम्ही. शेवटचं वाक्य झालं. शेजारची बाई पदराने डोळे टिपत होती. मग आक्काने दाराबाहेर पिंक टाकली आणि विचारलं, "मी मरनी? मंग आठे कोन बठेल शे?"

वडील हसले, मग सगळे हसले. ती हसली नाही. ती नवऱ्याबद्दल बोलायला लागली. इतक्या वर्षांत त्याच्या बाजूने ती पहिल्यांदा बोलली. "त्या मानूसनी माले कधीच मारं नही. बोलेच नही तो, मारी काय?" आणि बिचारी म्हणजे कोण, असं तिने मला विचारलं. मी म्हणाले, सरांनी नाव दिलंय, प्रेमाने दिलंय. ती म्हणाली, "बिचारी तुना मास्तरनी माय." सर, मी तेव्हा तिला गप्प केलं. आज करणार नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे कदाचित लिहिलंही नसतं. पण तुम्ही कंसात आठवण असं छापलंत. बोदवडला आमचे लांबचे नातेवाईक आहेत, त्यांचा मुलगा जळगावलाच शिकत होता. त्याने अंक घरी नेला, आणि पुढच्या रविवारी ते पाच-सहा जण दारावर आले. आमच्याकडे कुणी गेलं की लोक घरी भेटायला येतात त्याला दारावर येणं म्हणतात. बायका कोपऱ्यावरूनच डोक्यावर पदर घेऊन, रडत आल्या. दारात आक्का तांदूळ निवडत बसली होती. सर्वांत पुढची बाई तिच्या गळ्यात पडायला वाकली आणि मग तिचं तोंड बघून मागे सरली. आक्काने त्यांना आत बोलावलं, स्वतः चहा केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना त्यातली म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली की किती सोसलंस गं बाई, आम्हाला माहीतच नव्हतं. जी गोष्ट झालीच नव्हती तिच्याबद्दल.

ही बातमी वाड्यात पसरली, गावात पसरली. अंक कुणी वाचला नाही, पण नवऱ्याने काठीने मारलेली, पोरींसाठी रस्त्यावर रडलेली बाई सगळ्यांना कळली. आणि लोक तिच्याशी चांगलं वागायला लागले. नळावर बायका तिला पुढे करायला लागल्या. घे आक्का, तू भर आधी. मुकादम तिला सावलीतलं काम द्यायला लागला. तिने कुणाला शिवी दिली तर समोरची बाई उलटून बोलायची नाही, मान खाली घालून जाऊ दे म्हणायची. मी सुट्टीत घरी होते तेव्हा एकदा ती नळावरून भरलेला हंडा घेऊन आली, तो दाणकन खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "आते मनासंगे कोनी भांडत बी नही." तिच्या तोंडून मी ऐकलेलं सर्वात दुःखी वाक्य तेच आहे, सर. तुम्हाला दुःख हवं होतं. ते तुम्हीच तयार केलंत, आणि ते गोष्टीत कुठेच नव्हतं.

मी तुमच्याकडे आले होते, तुम्हाला आठवत असेल, म्हणजे आठवलं असतं. मी म्हणाले, सर, माझी आत्या जिवंत आहे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, वेडे, साहित्यात ती आता खरी जिवंत झाली. गोष्टीला त्या वर्षी बक्षीस मिळालं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पहिल्या रांगेत. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी एम.ए.ला होते. सगळे जळगावला अंत्ययात्रेला गेले. मी गेले नाही. मी हॉस्टेलवर भांडी घासत बसले.

आता धुळ्यात मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर सत्राला नव्याने नेमणूक होते. आमचे विभागप्रमुख तुमचे विद्यार्थी, तुमच्या फोटोला रोज हार घालतात. तुमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनाचं एक पुस्तक ते तुमच्या स्मरणार्थ काढत आहेत, आणि त्यात पहिलीच गोष्ट बिचारी. त्यांनी मला बोलावून प्रेमाने सांगितलं की सरांनी घडवलेली कथा म्हणून ही आपण लावू, पुढे अभ्यासक्रमातही जाईल, आणि जूनमध्ये कायम जागा भरायची आहे तेव्हा हे तुमच्या नावापुढे बरं दिसेल. धमकी काही नव्हती. तेही वाईट माणूस नाहीत. मी विचारलं, मी पहिल्यांदा लिहिली होती तशी देऊ का, आता पुन्हा लिहून? त्यांनी ती वाचली. दोन दिवसांनी म्हणाले, मॅडम, भाषा छान आहे, पण हिच्यात नायिका कुठे आहे? अगदी तुमचा आवाज.

तेव्हा मला काही गोष्टी दिसल्या, उत्तर नाही, पण दिसल्या. भित्रा कारकून, कजाग बाई, असल्या माणसांची तुम्हाला भीती वाटत होती. त्यांची कीव करता आली की तुमची भीती जायची. कीव येईल इतकं त्यांना वाकवलं की मग तुम्ही त्यांना नायक म्हणून उचलून धरायला मोकळे. आक्का वाकत नव्हती, म्हणून तिला मारावं लागलं. पण ती गाडी ज्या कारणाने थांबली ते कारण लहान होतं म्हणून थांबलेली गाडी लहान होत नाही. मी त्या गाडीत बसून तुमच्यापर्यंत आले. मग नायक कशाने होतो? कदाचित आपल्याला न विचारता काहीतरी करून बसतो त्याने. कदाचित त्यानेही नाही. त्या मुलीला मी वर्गात एवढंच सांगितलं की मला माहीत नाही, पण तो कारकून तुला आवडला नाही तरी तू त्याला विसरली नाहीस, तेव्हा आपण दोघी विचार करू. तुम्ही असं कधी म्हणाला नसतात.

मागच्या शनिवारी मी असोद्याला गेले होते. आक्का आता खरोखर म्हातारी झाली आहे, गुडघे धरलेत, आवाज तसाच. मी तिला सगळं सांगितलं, पुस्तक, जागा, विभागप्रमुख, आणि मी काय केलं ते. तिने पहिला प्रश्न विचारला, "तुनी नौकरी जाई का?" मी म्हणाले, जाईल बहुतेक. ती म्हणाली, "हा म्हणी देती ना. एक डाव मरनी व्हती, आखो एक डाव मरती. येडी शे तू." आणि शेळीला पाला टाकायला उठली.

सर, तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. मला वाटलं होतं ती खूश होईल, हो म्हणून टाकायचं होतंस असं म्हणणार नाही. असोद्याला जाताना गाडीत मी तिचा चेहरा कसा दिसेल तेही ठरवून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. बिचारी मात्र मी त्याच्या आदल्या दिवशीच पुस्तकातून काढून घेतली होती. विभागप्रमुखांसमोर उभी राहून सांगितलं की ही बाई मेलेली नाही, ती छापता येणार नाही. जूनच्या सत्राचे माझे तास त्यांनी दुसऱ्या कुणाला दिले आहेत.